जामखेडची दर आठवड्याची शाळा



आपल्या जिल्ह्यात जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी गावोगावी शिकलेल्या नर्स नेमल्या, पण परक्या गावात त्यांचा जम बसेना. मग गावांनी आपल्यातलीच एकेक बाई निवडली. कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, गावात काय पाहिलं ते सांगायच्या आणि नवं शिकून परतायच्या. रक्तदाब मोजायला, बाळंतपणातला धोका ओळखायला त्या अशाच शिकल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एकदा शिकून भागत नाही, हे या बायांनी दाखवून दिलं. आज नर्सताई तपासणीचे आकडे वाचायला मोबाईलवरही शिकतात. साधन बदललं, शिकणं तेच.

आपणही शिकूया. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11च्या खाली म्हणजे रक्त कमी; 7च्या खाली म्हणजे जिवाला धोका, लगेच दवाखाना गाठायचा. तपासणीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवू नका. विचारा, "ताई, हा आकडा काय सांगतो?"