सांगलीची द्राक्षं बेदाणा शेडवर का जातात?

जगातला जवळपास तीन चतुर्थांश भाजीपाला आशियात पिकतो. त्यात चीन पहिला, भारत दुसरा. भारतात २०१२-१३ पासून फळं, भाजीपाला, मसाले वगैरे मिळून फलोत्पादनाचं वजन अन्नधान्यापेक्षा जास्त भरतंय. पण गहू पोत्यात भाव येईपर्यंत थांबतो, द्राक्षं थांबत नाहीत. त्यामुळे उत्पादन वाढलं की नाशवंत मालाचं करायचं काय, हा प्रश्नही वाढतो. सांगली जिल्ह्यात त्याचं एक उत्तर आहे, बेदाणा.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ आणि जत हा इथला द्राक्षपट्टा. प्रसिद्ध 'तास-ए-गणेश' वाणही तासगाव तालुक्यातल्या बोरगावचा, थॉमसन सीडलेसमधून निवडलेला. या भागात पाऊस कमी, ऊन कडक आणि हवा कोरडी. ठिबक आणि उपसा सिंचन योजनांमुळे बागा वाढल्या, आणि हीच कोरडी हवा बेदाण्यालाही मानवली.

बेदाणा कसा होतो?

पूर्ण गोडी भरलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं. मग शेडमधल्या जाळीच्या कप्प्यांवर घड पसरतात. साधारण दोन आठवड्यांत माल तयार. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. हिरव्या, चमकदार मालाला चांगला भाव. शेडवर माल असताना अवकाळी पाऊस आला, तर रंग काळपट पडतो आणि भाव कोसळतो.

म्हणजे धोका दोनदा. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी आणि घडकुज, आणि त्यातून वाचलेल्या मालाला मार्च-एप्रिलमधला वळीव. बागेचं कर्ज मात्र एकच असतं, ते दोन्ही वेळा फेडायचंच.

तरीही बेदाण्याचा मोठा फायदा आहे. तो कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. सांगली आणि तासगावच्या सौद्यांत भाव पडले, तर थांबता येतं. अर्थात थांबणंही फुकट नसतं, घरखर्च आणि पुढची छाटणी समोर असते. त्यासाठी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बेदाणाही आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

शेजारच्या साताऱ्यात गणित वेगळं आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्येच मानांकन मिळालं, पण ती वाळवून ठेवण्याचं फळ नाही. ताजी विकायची, नाहीतर जॅम-सिरपच्या कारखान्याला द्यायची. तिथं पर्यटक हाच अर्धा बाजार.

सांगलीत नव्या फळांचीही चाचपणी सुरू आहे. आटपाडीचं डाळिंब तेल्या रोगाशी झुंजतंय, तर कडेगाव तालुक्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट २०२१ मध्ये दुबईला गेलं. त्याला पाणी कमी लागतं. पण बेदाण्यासारखं वर्षभर कोठारात ठेवता येत नाही.