जात्यापासून मोबाईलपर्यंत: बाईच्या गाण्याची शाळा

आमच्या गटात सध्या एक वाद चालू आहे. मोबाईलवर शिकलेलं गाणं हे खरं गाणं का? काहीजणी म्हणतात, समोर बसल्याशिवाय गळा तयार होत नाही. काहीजणी उलट विचारतात, समोर बसवून शिकवणारं इथं आहे कोण? पिंपळगाव रेणुकाईहून भोकरदनला किंवा जालन्याला जायचं, शिकायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. मिरचीची तोडणी सुरू असली तर हे तोंडातून काढायचीसुद्धा सोय नाही. म्हणून आम्ही म्हटलं, बाया आजवर गाणं शिकल्या कशा, ते आधी बघू.

आपली सगळ्यांत जुनी शाळा जात्यापाशी भरायची. पहाटे, कोंबडं आरवायच्या आधी. एका खुंट्याला दोघींचे हात, त्यामुळं श्वासही एका लयीत. थोरली ओवी उचलायची, धाकटी मागून धरायची. चुकलं तर कुणी थांबवून सांगत नसे, जातं पुढं फिरतच असे, पुढच्या फेऱ्याला आपोआप सुधारायचं. माहेरचा ओवीचा गळा घेऊन मुलगी सासरी यायची आणि तिथं सासू-जावांचा गळा शिकायची. ह्या शाळेला फी नव्हती, पण सुट्टीही नव्हती. ओवी गोड लागते म्हणून दळण्याचे कष्ट गोड होते असं कुणी म्हणू नये. गिरणी आली तेव्हा बाईची पाठ सुटली, ते चांगलंच झालं. फक्त त्याच दिवशी ती शाळाही बंद पडली.

रागदारीचं गाणं मात्र ह्या उंबऱ्याच्या बाहेरचं. ते शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, मग मर्जी झाली तर विद्या मिळायची. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला हे शक्यच नव्हतं, आणि गाणाऱ्या बाईला समाज नावं ठेवायचा. ज्या बायांनी हे गाणं जिवंत ठेवलं त्या बहुतेक कलावंत घराण्यांतल्या. त्यांची मैफल लोकांना हवी असायची, पण त्यांना मान द्यायला कुणी तयार नसायचं.

मोगूबाई कुर्डीकरांचं बघा. जन्म 1904 सालचा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. (ते गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पडक्या भिंती वर दिसतात.) आई लहानपणीच गेली. पुढं सांगलीत त्या रियाज करत असताना तो आवाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडला. खाँसाहेब तिथं औषधोपचारासाठी आले होते. ते मोगूबाईंना शिकवू लागले. पण खाँसाहेब मुंबईला गेले आणि शिकणं तुटलं. मोगूबाई त्यांच्या मागं मुंबईला गेल्या, तर तिथं दुसऱ्या शिष्यांचा विरोध. मधली वर्षं त्या इतर उस्तादांकडे शिकल्या. 1934 साली खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या करून घेतलं. खाँसाहेब वारले 1946 साली. बारा वर्षांची ती तालीम मिळवायला बाईचं अर्धं तारुण्य गेलं. समोर बसून शिकणं किती मोठं, हे सांगताना ही किंमतही सांगायला हवी.

त्यांची मुलगी किशोरी आमोणकर. तिला तर गुरू घरातच, आई. पण आई स्थायी आणि अंतरा दोनदाच गाऊन दाखवायची, तिसऱ्यांदा नाही. म्हणजे दोनदा गायलं जाईल तेवढ्यात सूर, शब्द, वळण सगळं कानात साठवायचं.

गुरूचं दार थोडं किलकिलं केलं ते विष्णु दिगंबर पलुस्करांनी. मूळचे कुरुंदवाडचे. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढं 1908 साली मुंबईत. वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तकं. गाणं पुस्तकातून येतं का, असं तेव्हाही लोक म्हणालेच असतील! पण त्या वर्गांमुळंच साध्या घरातली मुलगी पेटी-तंबोऱ्याजवळ बसू लागली.

त्याच सुमारास, 1902 साली, कलकत्त्यात गौहरजाननं ग्रामोफोनसाठी गाणं दिलं, आणि गाणाऱ्याशिवाय गाणं ऐकू येऊ लागलं. धारवाडकडच्या गंगूबाई हनगल लहानपणी ग्रामोफोन वाजला की रस्त्यावर धावत जाऊन ऐकायच्या. भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि 1933 साली, अकरा वर्षांचे असताना, गुरू शोधायला घर सोडलं. तबकडीनं दोघांना वेड लावलं, पण शिकायला दोघंही शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांपुढं जाऊन बसले. फरक एवढाच की मुलगा घरातून पळून जाऊ शकला. गंगूबाई हुबळीहून रेल्वेनं जायच्या, शिकायच्या आणि परत घरी यायच्या. आपल्या बसच्या वेळा सांभाळणाऱ्या मुलींना हे लगेच कळेल.

आता मोबाईल. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि गाण्याचे कितीतरी वर्ग पडद्यावर गेले. त्यातली अडचण समजून घ्या. आवाज इकडून तिकडं जाऊन यायला क्षणभर उशीर होतो. बोलताना तो कळत नाही, ठेका धरला की लगेच कळतो. म्हणून बाई आणि शिष्या एकत्र गाऊ शकत नाहीत, आळीपाळीनं गावं लागतं. दुसरं, तंबोऱ्याचा सलग सूर फोनला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि तो दाबून टाकतो. लांबवलेला ‘सा’सुद्धा कधी मधेच तुटतो. काही ॲपमध्ये मूळ आवाज तसाच जाऊ देण्याची सोय असते, ती शोधून चालू करावी. तंबोरा शिष्येनं आपल्याकडं दुसऱ्या फोनवर लावावा. जबडा आवळलाय, खांदे वर गेलेत, श्वास छातीतच अडकतोय, हे मात्र छोट्या पडद्यावर नीट दिसत नाही. म्हणून आमचं मत असं की पहिले काही महिने, आवाज लावायला शिकताना, समोरच बसावं, मग महिन्यातून एकदा जावं आणि मधले दिवस फोनवर. ध्वनिमुद्रण शंभरदा ऐकता येतं ही मोठी सोय आहे. पण किशोरीताईंचे कान दोनदाच मिळणाऱ्या गाण्यानं तयार झाले, हेही विसरू नये.

आणि खरी अडचण तंत्राची नाहीच. फोन कुणाच्या हातात असतो? संध्याकाळी तासभर सूर लावायला घरात कोपरा कुणाला मिळतो? सून ‘सा’ लावून बसली तर ओसरीवरून काय ऐकू येतं? गुरूचं दार फोननं उघडलं, घरातलं दार घरच्यांनीच उघडायचं आहे. त्यावर गटाच्या बैठकीत बोलूया, सासवांनाही बोलवूया.

एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आता ‘पारी’ ह्या संकेतस्थळावर, त्या बायांच्याच आवाजात, फुकट ऐकता येतात. आमच्यातल्या दोघी-तिघींनी त्या ऐकून आपल्याच आत्यांना विचारलं, तर ओव्या पाठ निघाल्या, फक्त कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी त्यांना माईकसमोर बसवणार आहोत. ज्यांच्या घरी जातं अजून फिरतं आहे त्यांनी कळवा, जातं उचलून आणणं आम्हाला जमणार नाही, माईक घेऊन आम्हीच येऊ.