मूळ गाडी कोणती?

शर्यतीच्या जुन्या मोटारी हा धनिकांच्या हौसेचा विषय. त्यावर कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यान द्यावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु मोटार ही कारखान्यात होते, आणि कारखाना हा आमचा विषय आहे. फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात केलेल्या २५० जीटीओ जातीच्या गाड्या अवघ्या ३६. त्यांतली एक २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. हुबेहूब तशीच दिसणारी, तशीच पळणारी नक्कल कोणी केली, तर तिला या रकमेचा लहानसा अंशही मिळणार नाही. एवढी तफावत ज्या एका शब्दावर उभी आहे, तो शब्द म्हणजे 'मूळ'. हा शब्द नक्की कशाला लावायचा, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

प्रथम बुगाटीकडे वळू. एत्तोरे बुगाटी हा मिलानचा, जन्म १८८१. बाप कार्लो फर्निचरचा नामांकित कारागीर, भाऊ रेम्ब्रांट शिल्पकार. एत्तोरेने १९०९ साली आल्सास प्रांतातील मोल्सहाइम या गावी कारखाना काढला. तेव्हा तो प्रांत जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे गेला. या कारखान्याची 'टाइप ३५' ही गाडी ऑगस्ट १९२४ मध्ये लिआँच्या शर्यतीत प्रथम उतरली. त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि यश काही आले नाही. पण पुढे सिसिलीच्या डोंगराळ रस्त्यांवरची 'तार्गा फ्लोरिओ' ही शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९२८ साली त्याच शर्यतीत एलिश्का युन्कोव्हा ही चेक बाई याच जातीच्या गाडीत पाचवी आली. भल्याभल्यांना तिने मागे टाकले, हे येथे मुद्दाम सांगतो.

आता गाडीची बनावट पाहा. त्या काळच्या शर्यतीच्या गाड्यांना तारांची चाके असत. टाइप ३५ चे चाक ॲल्युमिनियमचे, ओतीव. त्याला आठ चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाक काढले की ब्रेकचे आतले काम डोळ्यांसमोर उघडे होई. शर्यतीच्या घाईत तपासणी करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? पुढचा आस पोकळ. पाट्याची स्प्रिंग त्याच्या वरून किंवा खालून बांधलेली नसे. आसाला चौकोनी भोके ठेवून ती त्यांतून आरपार नेलेली असे. ज्याने कधी घणाखाली लोखंड धरले आहे त्याला हे काम किती नाजूक ते सांगायला नको. चासीच्या पट्ट्यांची उंचीही सारखी नाही. पुढे कमी, मधे भार पडतो तेथे जास्त, आणि मागे शेपटीबरोबर पुन्हा निमुळती. इंजिनाचे आठ सिलिंडर एका रांगेत, चार-चारच्या दोन ठोकळ्यांत. प्रत्येकाला तीन व्हॉल्व्ह, दोन आत घेणारे व एक बाहेर सोडणारा. क्रँकशाफ्ट अखंड नव्हे, तुकडे जुळवून केलेला, कारण त्यावर रोलर बेअरिंगे चढवायची होती. आणि जोडाचे पृष्ठभाग हाताने स्क्रेपरने इतके सपाट केलेले की मधे पॅकिंग घालण्याची गरज पडू नये!

आमच्यापैकी ज्यांनी टूलरूममध्ये दिवस काढले आहेत, त्यांना या शेवटच्या वाक्याचा अर्थ मनगटात कळेल. निळ्या रंगाचा हात द्यायचा, सपाटीवर घासायचे, उंच ठिपका दिसला की स्क्रेपरने तेवढाच खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा घासणे. हे काम नकाशावर दाखवता येत नाही. म्हणूनच जाणकार लोक जुनी बुगाटी तपासताना केवळ रूप पाहत नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स, आस यांवर कारखान्यात ठोकलेले आकडे ते शोधतात. आकड्याचे वळण, ठशाची खोली पाहतात. अर्जेंटिनातील पाराना येथे आज टाइप ३५ चा जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने तयार होतो, आणि तेथले कामही हलके नाही. तेव्हा रूपावरून निवाडा करण्याचे दिवस गेले.

त्या मोल्सहाइमच्या कामगारांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मे आणि जून १९३६ मध्ये फ्रान्सभर संपांची लाट उठली. त्यातून कामगारांना आठवड्याचे चाळीस तास आणि दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. बुगाटीचे कामगारही संपावर गेले. मालक स्वतःला त्यांचा मायबाप समजत असे. त्याला हा अपमान वाटला आणि कारभार मुलावर, जाँवर, सोपवून तो पॅरिसला निघून गेला. चरित्रकार या प्रसंगी मालकाच्या दुःखाविषयी फार हळुवारपणे लिहितात. ज्याने वर्षानुवर्षे स्क्रेपर चालवला त्याला पंधरा दिवस रजा हवी होती, यात दुःख करण्याजोगे काय आहे, ते आम्हांला आजवर उमगलेले नाही.

'मूळ' या शब्दाचा खरा कस मात्र इंग्लंडमध्ये लागला. बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा चालक वुल्फ बार्नाटो; पहिल्या वर्षी सोबतीला टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. पुढे तिला आठ लिटरचे इंजिन बसवले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती उतारावरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली, वर बंद टपाची कूपे पद्धतीची बॉडी चढली. १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. घेणाऱ्याने माघार घेतली. म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेले.

हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की १९२९ च्या गाडीतले पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सची पेटी आणि स्टिअरिंगचा खांब, एवढेच बहुधा शिल्लक आहे. १९३२ च्या गाडीतले मात्र पुष्कळ होते. न्यायमूर्तींनी दोन शब्दांत भेद केला. जी कारखान्यातून निघाली तशीच राहिली, ती 'मूळ'; तशी ही नाही. पण ती नक्कलही नाही. शर्यतीमागून शर्यत तिचे भाग बदलत गेले, तरी ती मधेच संपून दुसरी कोणी तिच्या नावाने उभी राहिली, असे कधी झाले नाही. म्हणून ती 'अस्सल' होय. विकणारा जिंकला. आम्हांला हा निवाडा फार शहाणपणाचा वाटतो. कारखान्यातले जुने लेथ असेच असते. बेड एका काळचा, स्पिंडल दुसऱ्या काळचा, मोटर कालची. पण त्यावर काम करणारा त्याला नवे लेथ म्हणत नाही.

फेरारीच्या बाबतीत प्रश्न उलट बाजूने आला. जीटीओच्या रूपाची नक्कल करू पाहणाऱ्या मोदेनातील एका कंपनीविरुद्ध फेरारी न्यायालयात गेली, आणि २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायाधिकरणाने ती गाडी कलाकृती ठरवून तिच्या रूपाला संरक्षण दिले. एखाद्या मोटारीला इटलीत असा मान प्रथमच मिळाला. आनंद आहे. परंतु ती बॉडी मोदेनात सर्जिओ स्कालिएत्ती यांच्या कार्यशाळेत ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून केलेली होती, आणि त्यामुळे एक जीटीओ दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. हातोड्याने आलेला हा फरक आज प्रत्येक गाडीची ओळख पटवायला उपयोगी पडतो. बोलोन्यातला दावा कंपनी विरुद्ध कंपनी असा होता. पत्रा ठोकणारे त्यात पक्षकार नव्हते.