बुडालेलं लोखंड

आठव्या हेन्री राजाची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, फ्रेंच आरमाराशी लढताना बुडाली. ४३७ वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी, तिचा सांगाडा पाण्याबाहेर काढला गेला. त्याआधी पाणबुड्यांनी गाळ उपसला, तेव्हा नौकेवरच्या सुतारांची खोली सापडली. रंधे, मोगऱ्या, मोजपट्ट्या, हत्यारांच्या मुठी असं बरंच काही तिथे होतं. लाकूड गाळात टिकलं होतं. रंध्याची पाती मात्र गंजून नाहीशी झाली होती. ती बसवण्याची खाच तेवढी उरली होती.

लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया कितीतरी वेगाने होते, आणि चिखल बसला असेल तर ओल आत कोंडून राहते. भिजलेलं हत्यार बाहेर काढून तसंच ठेवलं, तर ओल आणि हवा एकाच वेळी त्याच्या अंगावर येतात. घासून लख्ख केलेल्या पटाशीवर अर्ध्या दिवसात नारिंगी बुरशीसारखा थर दिसू लागतो. म्हणूनच होडीचं इंजिन समुद्रात पडलं आणि ते लगेच खोलून साफ करणं शक्य नसेल, तर जाणते मिस्त्री ते उन्हात ठेवत नाहीत, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण पिंपातल्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो.

भिजलेली यंत्रं वाचवण्याची सर्वांत मोठी शाळा भरली ती पर्ल हार्बरला. ७ डिसेंबर १९४१ च्या जपानी हल्ल्यात ‘कॅलिफोर्निया’ आणि ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या दोन अमेरिकन युद्धनौका बंदराच्या चिखलात बसल्या. दोन्ही नौका विजेवर चालणाऱ्या होत्या. वाफेचं टर्बाइन जनित्र फिरवायचं आणि त्या विजेवरच्या प्रचंड मोटारी पंखे फिरवायच्या. तांब्याच्या तारांचे ते वेटोळे खारं पाणी आणि जळकं तेल पिऊन पडले होते. नौका वर काढण्याचं काम कॅप्टन होमर वॉलिन यांच्याकडे आलं.

नौका वर आली म्हणजे काम संपलं असं नव्हतं. आधी मीठ जाईपर्यंत गोड्या पाण्याने धुवायचं, मग उष्णता देऊन आतपर्यंत सुकवायचं, आणि ज्या तारांचं आवरण गेलं त्या पुन्हा गुंडाळायच्या. हा क्रम मोडून ओल्या मोटारीला वीज दिली असती, तर पाण्याने जे सोडलं होतं ते विजेने जाळलं असतं. १९४२ च्या मार्चमध्ये ‘कॅलिफोर्निया’ आणि मेमध्ये ‘वेस्ट व्हर्जिनिया’ पुन्हा तरंगली. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपिन्सजवळच्या सुरिगाव सामुद्रधुनीत दोघी जपानी ताफ्यावर तोफा डागत होत्या. बुडालेल्या यंत्राला भंगार म्हणण्याची घाई करू नये, याचा याहून मोठा पुरावा सापडणं कठीण आहे.

पुढचं पाऊल एका छोट्या कारखान्यात पडलं. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथे रॉकेट केमिकल कंपनीत तिघं जण धातूवरचं पाणी हटवणारं द्रव्य शोधत होते. चाळिसाव्या प्रयत्नात ते साधलं, म्हणून नाव पडलं ‘डब्ल्यूडी-४०’. त्यातली पहिली दोन अक्षरं म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाण्याला बाजूला सारणं. सुरुवातीला ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून जपण्यासाठी वापरलं गेलं. १९६१ च्या सप्टेंबरात कार्ला चक्रीवादळाने टेक्सासचा किनारा झोडपला, तेव्हा कंपनीच्या कामगारांनी शनिवारी कामावर येऊन जास्तीचा माल तयार केला. पहिला पूर्ण ट्रक भरून गेला तो या वादळग्रस्तांची भिजलेली वाहनं आणि यंत्रं सावरण्यासाठी.

त्याच वर्षी, दोनच महिने आधी, १२ जुलैला पानशेत धरण फुटलं. खडकवासल्याचं धरणही तो लोंढा पेलू शकलं नाही आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्याला डब्ल्यूडी-४० चे डबे ट्रक भरून येणार नव्हते. आपल्याकडे पाणी हटवण्याचं काम पिढ्यान् पिढ्या रॉकेल करत आलं आहे. ते पातळ असल्याने फटीत शिरतं, ओल सुटी करतं आणि गंज मऊ करतं. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने करवतीचं पातं पुसलं की चिंधीवर विटकरी चिखल उतरतो आणि खालून करडं पोलाद डोकावतं. पण रॉकेल उडून जातं, म्हणून वरून तेलाचा हात द्यावाच लागतो. धारेपाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले असतील, तर तेल उपयोगाचं नाही. खड्डे संपेपर्यंत पातं घासावं लागतं, आणि तेवढं त्याचं आयुष्य कमी होतं.

विजेवरची हत्यारं आली आणि प्रश्न गुंतागुंतीचा झाला. ब्लॅक अँड डेकर कंपनीला पिस्तुलासारख्या मुठीच्या ड्रिलचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. आज गावोगावच्या सुताराकडे आणि फॅब्रिकेटरकडे ड्रिल, कटर, ग्राइंडर असतात. पूर आला की तीही बुडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा नदी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी नदी शिरली. अशा पुरानंतर आधार असतो तो मोटर रिवाइंडिंग करणाऱ्यांचा. मोटर खोलायची, गाळ धुवायचा, आर्मेचर भट्टीत सुकवायचं, वार्निश द्यायचं, बेअरिंग बदलायची आणि मेगर, म्हणजे तारांच्या आवरणाचा विद्युतरोध मोजणारं यंत्र, लावायचा. ५०० व्होल्टच्या मेगरवर निदान १ मेगओहम तरी दिसल्याशिवाय जाणकार मोटारीला वीज देत नाही.

बॅटरीवरच्या हत्याराला मात्र हा उपाय लागू नाही. २०२२ च्या इयान वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या काही दिवसांनी आपोआप पेटल्या. पुरात गेलेली लिथियम बॅटरी सुकली, तरी चार्जरला लावू नये. ती घरापासून दूर, उघड्यावर ठेवावी.

पूर ओसरला की माणसं आधी घर, मग धान्य, मग कागदपत्रं बघतात, आणि ते बरोबरच आहे. पण कारागिराच्या घरात हत्यारांची पेटीच उद्याची रोजी आहे. आपल्या ओळखीतल्या एखाद्या सुताराचं किंवा गवंड्याचं दुकान पाण्यात गेलं असेल, तर मदतीला जाताना दोन बादल्या स्वच्छ पाणी, जुनी चिंधी आणि तेलाची बाटली बरोबर न्या. त्याची पेटी पहिल्याच दिवशी उघडा, आणि कुठलंही बटण दाबू नका.