बाजरीचे माहेर

बाजरीचे माहेर पश्चिम आफ्रिकेत आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या लोकांनी रानातले एक गवत पिढ्यान्‌पिढ्या निवडून हे धान्य घडवले. बीडच्या दक्षिणेला, बालाघाटावरच्या मांजरसुंब्याच्या हलक्या, मुरमाड रानात खरिपाला जी बाजरी पेरतात, तिचे मूळ तेथे आहे. म्हणून या भागातल्या मुलांना आफ्रिकेतील माली देशाची ओळख भाकरीपासून करून देता येते.

बाजरीच्या शेतीचा फार जुना पुरावा उत्तर मालीतील तिलेम्सी खोऱ्यात, सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या खापरांत सापडला. मडकी घडवताना मातीत बाजरीचे भूस मिसळले होते. भाजताना भूस जळून गेले, पण त्याचे ठसे खापरात राहिले. रानबाजरीचा दाणा पिकला की देठापासून आपोआप गळतो. या ठशांतले देठ मात्र गळालेले नसून मळणीत तुटलेले आहेत. माणूस खुडेपर्यंत कणसाने दाणा धरून ठेवणे, ही लागवडीची खूण. पिकलेले कणीस तळहातावर चोळले की मुलांच्याही हे लक्षात येते: वाऱ्याने न गळणारे दाणे चोळल्यावरच सुटतात.

पुढे बाजरी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे आणि तेथून भारतात पोहोचली. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ती पश्चिम भारतात पिकत होती. ज्वारी, नाचणी आणि चवळी हीदेखील मूळची आफ्रिकेचीच. मराठवाड्यात बाजरी सणावारातही मुरली. भोगीला तीळ लावलेली भाकरी होते, आणि वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, शेतात भज्जीबरोबर बाजरीचे उंडे असतात.

मालीत पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. उत्तरेला वाळवंट, दक्षिणेला झाडांची कुरणे आणि दोहोंमधला कोरडा पट्टा म्हणजे साहेल. नायजर नदी तिंबक्तूजवळ वळण घेते. त्याआधी ती पसरून विस्तीर्ण पाणथळ प्रदेश तयार करते. गावाशेजारी बाओबाबचे अवाढव्य झाड असते. मराठीत त्यालाच गोरखचिंच म्हणतात. बाया उखळात बाजरी कांडतात, तिच्या पिठाचा घट्ट ‘तो’ शिजवतात आणि भेंडीच्या किंवा गोरखचिंचेच्या पाल्याच्या कालवणाबरोबर तो खातात. बांदियागाराच्या कड्यावरचे डोगोन लोक धान्य मातीच्या कोठारांत साठवतात. त्यांवर गवताची टोकदार छपरे असतात. आपल्याकडच्या कणगीचेच काम ही कोठारे करतात. जेने शहरातली मातीची मशीद गावकरी मिळून दरवर्षी लिंपतात. आजची इमारत १९०७ सालची आहे. बामाना लोकांत कथा आहे की माणसाला शेती ‘चिवारा’ने शिकवली. हा चिवारा अर्धा माणूस आणि अर्धा हरिण. त्याच्या स्मरणार्थ शेतकरी डोक्यावर लाकडी हरणाचा मुकुट घालून नाचतात.

मराठवाडा आणि माली हे दोन्ही प्रदेश पाहिलेला एक प्रवासी इतिहासाला माहीत आहे. मोरोक्कोचा इब्न बतूता १३४२च्या सुमारास दौलताबादला आला होता. त्यानंतर दहा वर्षांनी, १३५२ मध्ये, तो माली साम्राज्यात शिरला. सीमेवरच्या वलाता गावात पाहुणचार म्हणून त्याच्यापुढे थोडा मध आणि दूध घातलेली बाजरीची भरड आली. एवढ्या साध्या पाहुणचाराने तो नाराज झाला आणि तसे त्याने प्रवासवर्णनात नोंदवले. त्याला जे हलके वाटले, ते तिथल्या घराघरातले रोजचे अन्न होते.

बाजरीचे माहेराशी नाते पुढेही तुटले नाही. मालीच्या आग्नेयेला टोगो हा चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तर भागात ‘इनियादी’ नावाची लवकर येणारी, टपोऱ्या दाण्याची गावरान बाजरी होते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेने तिच्यातून निवड करून ‘आयसीटीपी ८२०३’ हे वाण तयार केले. नावातला ‘टी’ टोगोचा. १९८८ मध्ये ते महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले आणि कोरडवाहू शेतकऱ्यांत रुजले. त्यातूनच पुढे लोहाचे प्रमाण जास्त असलेली ‘धनशक्ती’ निवडली गेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने ती २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली. अशा रीतीने पश्चिम आफ्रिकेची बाजरी या मातीत दोनदा आली: एकदा हजारो वर्षांपूर्वी हळूहळू, आणि दुसऱ्यांदा आजच्या मुलांच्या आईवडिलांच्या हयातीत.