समुद्री चाच्यांशी लढताना नौदलाला मोठी जहाजं का चालली नाहीत?

नोव्हेंबर १८२२. क्यूबातल्या मातान्झास बंदराजवळ चाच्यांनी काही व्यापारी जहाजं पकडून ठेवली होती आणि सुटकेसाठी खंडणी मागितली होती. अमेरिकी नौदलाचं 'ॲलिगेटर' तिथे पोहोचलं, पण पुढे पाणी उथळ होतं. लेफ्टनंट विल्यम ॲलन यांनी होड्या उतरवल्या आणि ते स्वतः हल्ल्यात पुढे राहिले. पाच जहाजं सुटली. बंदुकीच्या गोळ्या लागलेले ॲलन मात्र वाचले नाहीत.

'ॲलिगेटर' काही मोठं जहाज नव्हतं. ते होतं १२ तोफांचं स्कूनर.

स्कूनर म्हणजे काय?

दोन किंवा अधिक डोलकाठ्यांचं, वेगवान शिडाचं जहाज. त्या काळच्या मोठ्या युद्धनौकांची चौकोनी शिडं जहाजाला आडवी असायची. वारा मागून असेल तर ती उत्तम. स्कूनरची मुख्य शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे समोरून तिरका वारा असला तरी नागमोडी वळणं घेत पुढे जाता येतं. खलाशी कमी लागतात आणि जहाजाचा तळही पाण्यात फार खोल जात नाही.

चाचे इतके का वाढले?

स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहती तेव्हा स्वातंत्र्यासाठी लढत होत्या. शत्रूची जहाजं लुटण्याचे परवाने दोन्ही बाजूंनी वाटले जात होते. त्यातलेच काही जण पुढे दिसेल ते जहाज लुटू लागले. क्यूबाच्या किनाऱ्यावरच्या खाड्या आणि छोटी बेटं त्यांना लपायला सोयीची होती. मोठी युद्धनौका तिथे शिरली, तर वाळूत रुतण्याचीच भीती. म्हणून अमेरिकेने 'ॲलिगेटर'सारखी पाच स्कूनर बांधली. मातान्झासला तीही कमी पडली.

'मच्छर ताफा'

१८२३ मध्ये कमोडोर डेव्हिड पोर्टर आणखी लहान आठ स्कूनर घेऊन कॅरिबियनमध्ये आले. सोबत वल्ह्यांच्या पाच मोठ्या होड्या होत्या. त्यांची नावं डास, चिलटं अशा कीटकांवरून ठेवलेली, म्हणून या ताफ्याला 'मच्छर ताफा' म्हटलं जाऊ लागलं. 'सी गल' ही वाफेवर चालणारी बोटही त्यात होती. वारा पडला की ती उपयोगी पडायची.

पण चाचे किनाऱ्यावर पळाले की पुढे स्पेनची हद्द. १८२४ मध्ये पोर्टर यांनी पोर्तो रिकोतल्या फाहार्दो इथे सैनिक उतरवले. त्यासाठी त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि त्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित करण्यात आलं.

१८२५ मध्ये वेगळा मार्ग वापरला गेला. 'ग्रॅम्पस' स्कूनरच्या अधिकाऱ्यांनी स्थानिक स्पॅनिश प्रशासनाशी हातमिळवणी केली आणि साधं स्थानिक जहाज घेऊन कुख्यात चाचा रोबेर्तो कोफ्रेसीला गाठलं. तो किनाऱ्यावर पळाला आणि तिथे स्पॅनिश प्रशासनाच्या हाती लागला. त्याला मृत्युदंड झाला. पुढच्या काही वर्षांत या भागातली चाचेगिरी ओसरली.

किंमत काय मोजली?

ॲलन गेले त्याच महिन्यात 'ॲलिगेटर' फ्लोरिडाजवळ प्रवाळाच्या खडकावर अडकलं. ते चाच्यांच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनीच त्याला आग लावली. तो खडक आज 'ॲलिगेटर रीफ' म्हणून ओळखला जातो.

'मच्छर ताफ्या'वर पीतज्वराचं संकटही आलं. त्यात अनेक खलाशी दगावले. हा आजार डासांमुळे पसरतो, हे १९०० मध्ये सिद्ध झालं, आणि तेही क्यूबातच.