अरुंद जागेच्या शोधात

आंतरजाल भारतात केव्हा आले, याचे उत्तर एका ओळीत देता येते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे ही सेवा सर्वसामान्यांना खुली केली. पण ते घरात किती संथपणे आले, कुठे अडले आणि अडलेले कोणी मोकळे केले, याची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही. आमच्या मते आंतरजालाचा घरगुती इतिहास हा मुख्यतः वाट पाहण्याचा इतिहास आहे, आणि नवी मुंबईसारख्या, कागदावर आधी आखून मग वसवलेल्या शहरात तो विशेष रीतीने वाचता येतो.

प्रारंभी वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, हे लक्षात घेतले तर एक मेगाबाइट उतरवून घेण्यास, काहीही बिनसले नाही असे धरूनही, चौदा मिनिटे लागत. व्यक्तीसाठीच्या स्वस्त खात्यात पडद्यावर केवळ अक्षरे दिसत, आणि त्याचे २५० तासांचे सुमारे पाच हजार रुपये पडत. फोनच्या मीटरचे निराळे. पहिल्या महिन्यांत सेवेची इतकी दैना झाली की निगमाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजेंद्र सिंगल यांनी चूक जाहीरपणे कबूल केली. मागणीचा अंदाज चुकला होता, मोडेम अपुरे होते. पण त्याहून महत्त्वाचे असे की घरापर्यंत येणाऱ्या साध्या टेलिफोनच्या तारा या कामाच्या योग्यतेच्या नव्हत्या. म्हणजे समुद्रापारचा दरवाजा उघडला, तरी घराजवळची वाट तीच जुनी राहिली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा याच वाटेची आहे.

त्या काळी वाशी-नेरुळच्या घरांत एक ठरलेले दृश्य असे. मोडेम किंचाळून जोडला जाई, चित्रे बंद करून ठेवलेली असत, लिहायचे ते आधी लिहून मग जोडणी केली जाई, आणि कोणी शेजारच्या खोलीतला रिसीव्हर उचलला की सारे मुसळ केरात. मराठी जालावर चित्रांपेक्षा मजकुराची चलती राहिली यामागे ही काटकसरही असावी, असे आम्हांस वाटते. (युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, रोमन लिपीचे एक. तरी एका छायाचित्राच्या जागेत आख्खी कादंबरी मावे!)

नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले व निगमाची मक्तेदारी संपली. याच सुमारास आणि नंतरच्या काही वर्षांत केबलवाल्यांनी एक देशी उपाय काढला. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तारा टाकून सबंध सेक्टर एका जोडणीवर बसवायचा. ही तार शंभर मीटरपलीकडे नीट चालत नाही, म्हणून मधल्या गच्च्यांवर पत्र्याच्या पेट्यांत जोडयंत्रे बसवलेली असत. पावसाळ्यात वीज चमकली की पेटी जळे, आणि पेटीमागच्या चार इमारती गप्प होत. दुपारी वेग बरा, रात्री नवाच्या पुढे सर्वजण घरी परतले की रांगता. एक नळ आणि चाळीस बादल्या, असा तो प्रकार होता.

ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले व ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ किलोबिट अशी केली. (ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली.) त्यामागोमाग २००५ च्या आरंभी महानगर टेलिफोन निगमाने मुंबईत व नवी मुंबईत 'ट्रायबँड' आणले. २५६ म्हणजे प्रत्यक्षात ३२ किलोबाइट, हे न कळल्याने फसवणूक झाल्याची भावना तेव्हा घरोघर होती. वस्तुतः तो भागाकार न केल्याचा परिणाम होता.

या सेवेची युक्ती सुंदर होती. आवाज तांब्याच्या जोडीवरील खालच्या कंप्रतांत, चार किलोहर्ट्झच्या आत, बसतो. वरची मोकळी जागा जालाला द्यायची. म्हणून फोनही चाले आणि जालही. मात्र प्रत्येक फोनयंत्रापाशी एक गाळणी बसवावी लागे. शयनगृहातल्या, विसरलेल्या, समांतर जोडलेल्या फोनला ती नसली की घंटी वाजताच जोडणी तुटे. एक्स्चेंजपासून जितके अंतर, तितका वेग कमी. त्यातही नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठचा, भर घालून उचललेला. हवा खारट, जमीन दमट. सांध्यात ओल शिरली की तांब्यावर हिरवट थर धरतो. बोलताना थोडी खरखर एवढेच जाणवते, पण जालाचा वेग मात्र निम्म्यावर येतो.

ही खरखर ओळखणारा माणूस म्हणजे लाइनमन. कोणत्या पिलरमधली कोणती पेअर पाण्यात बसते, कोणत्या इमारतीच्या पेटीत उंदीर लागले आहेत, कोणती जोडी मोकळी आहे, हे नकाशात असेलही. पण वेळेवर कामास येई ती त्याची स्मृती. मोडेम बदलून, संगणक पुसून, दोर्‍या बदलून थकलेल्या घरात तो शिरे, रिसीव्हर कानाला लावी आणि म्हणे, "पेअर बदलावी लागेल." ती बदलली की सारे सुरळीत. आंतरजालाच्या इतिहासात अभियंते व उद्योगपती यांची नावे येतात; याचे येत नाही.

३१ जानेवारी २०२० रोजी महानगर टेलिफोन निगमातील चौदा हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. निगमाच्या डोक्यावरील कर्ज आणि वेतनाचा भार पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता. आम्ही त्यावर येथे वाद घालत नाही. पण तांब्याच्या तारांची बरीचशी स्मृती त्या एका दिवसात कार्यालयाबाहेर गेली. आठ आठवड्यांच्या आत, मार्चअखेरीस, टाळेबंदी आली आणि घर हेच कार्यालय व शाळा झाले. मोबाइल जाळ्यांवरचा भार हलका करण्यासाठी चित्रपट दाखविणाऱ्या सेवांनी तिथे चित्राची स्पष्टता आपणहून उतरवली, इतका ताण होता. त्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली. घरगुती जोडण्या उतरवून घेण्यासाठी रचलेल्या होत्या, वर पाठविण्यासाठी नव्हे. शिक्षकाचा चेहरा दिसे, पण मुलाचा आवाज वर्गापर्यंत पोहोचत नसे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत महापे, रबाळे, ऐरोली येथे विदाकेंद्रांच्या खिडकीहीन इमारती, आणि थोड्याच अंतरावरच्या घरात मूल फोन घेऊन गॅलरीत उभे!

आमची स्वतःची गोष्ट मात्र निराळी, आणि थोडी ओशाळवाणी. तोवर आमच्या इमारतीत काचतंतू आला होता, तरी आतल्या खोलीत वेग मिळेना. पंधरा दिवस आम्ही कंपनीला दूषणे दिली. अखेर आलेल्या तरुणाने काही न बोलता संगणक तारेने थेट राउटरला जोडला, वेग पूर्ण. राउटर आम्ही नीटनेटकेपणाच्या हौसेने दिवाणखान्यातल्या पोलादी कपाटामागे ठेवला होता. पुढे काँक्रीटच्या भिंती, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आजूबाजूच्या वीसएक घरांच्या लहरींची गर्दी. अरुंद जागा १९९५ मध्ये दाराबाहेर होती, ती आता दारातून आत येऊन आमच्याच कपाटामागे बसली होती.

त्यानंतर आम्ही तक्रार करण्यापूर्वी तारेने जोडून पाहतो, एकदा सकाळी व एकदा रात्री मोजतो, आणि आकड्याला आठाने भागतो. राउटर उंचावर, मोकळ्यावर आहे. लिहिण्याच्या मेजापर्यंत तार ओढली आहे. रात्री नऊ ते अकरा वेग अजूनही थोडा खाली येतो, तारेवरसुद्धा. तो दोष बहुधा इमारतीच्या सामाईक पेटीतला असावा. तिची किल्ली कोणाकडे आहे, हे सोसायटीत अद्याप कोणास सांगता आलेले नाही.